ई-रीडरसाठी विज्ञानकथांची मासिके

गोव्याच्या पावसाळ्यात कागदी अंक सांभाळणे सोपे नाही. जूनपासून चवथीपर्यंत कपाटातल्या मासिकांना बुरशी धरते, आणि ती पुसून होईपर्यंत कसर लागलेली असते. इंग्रजी विज्ञानकथांची मासिके तर पणजी-मडगावच्या दुकानांत सहसा दिसतच नाहीत. वीज गेली तरी चालणारा आणि एकदा चार्ज केला की पुष्कळ दिवस पुरणारा ई-रीडर, म्हणजे पुस्तके वाचण्याचे छोटे यंत्र, या वाचनासाठी योग्यच आहे. प्रश्न असतो तो अंक कोठून घ्यावेत हा.

पूर्वी किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरच्या ऑनलाइन दुकानातच नियतकालिकांचा विभाग होता. अ‍ॅमेझॉनने तो सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला, काही मासिके किंडल अनलिमिटेड या ठरावीक वर्गणीत वाचायच्या योजनेत गेली, आणि त्या विभागातल्या वर्गणीदारांवर चालणाऱ्या छोट्या संपादकांना त्याची मोठी झळ बसली. म्हणून आता मासिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा वेटलेस बुक्ससारख्या, कुलूप नसलेल्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर उघडणाऱ्या, फायली विकणाऱ्या दुकानातून वर्गणी भरणे हेच मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण तिथे विकत घेतलेली ईपब (ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपाची) फाइल आपल्याजवळ राहते आणि उद्या यंत्र बदलले तरी वाचता येते.

माझी पहिली पसंती ‘क्लार्क्सवर्ल्ड’ला आहे. २००६ पासून चालणाऱ्या या मासिकाच्या कथा संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. तरीही पैसे मोजावेत असे मी म्हणेन, कारण ईपबमध्ये संपूर्ण अंक अनुक्रमणिकेसह येतो, अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात आणि फोनच्या उजेडात डोळे ताणावे लागत नाहीत. चिनी आणि कोरियन कथांचे अनुवाद हे या मासिकाचे खरे बळ आहे. अंतराळयाने आणि यंत्रमानव यांच्यापलीकडे घर, म्हातारपण, नोकरी अशा विषयांना विज्ञानकथा कशी भिडू शकते, हे या अनुवादांत वारंवार दिसते. उणे एवढेच की अनेक कथांचा सूर एकाच प्रकारच्या विषादाचा असतो आणि अंक सलग वाचला तर तो जड होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या कथांचा लोंढा आल्यामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये संपादक नील क्लार्क यांनी नव्या कथा स्वीकारणे काही काळ थांबवले होते. निवडीबाबतचा हा काटेकोरपणा अंकातही जाणवतो.

‘अनकॅनी’ द्वैमासिक आहे. त्याचा अर्धा मजकूर आधी आणि उरलेला पुढच्या महिन्यात संकेतस्थळावर येतो. ई-अंक घेणाऱ्याला मात्र सारे एकदम मिळते. त्यात अद्भुतकथा बऱ्याच असतात, त्यामुळे निव्वळ विज्ञानाची अपेक्षा ठेवणाऱ्याने १९३० पासून चालत आलेल्या ‘अ‍ॅनालॉग’कडे वळावे. तिथे गणित आणि भौतिकशास्त्र यांना कथेत खरोखर काम असते, भाषा मात्र पुष्कळदा सपाट असते. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ दर आठवड्याला येते आणि देणग्यांवर चालत असल्यामुळे सर्वांना विनामूल्य आहे. वर्गणी भरण्यापूर्वी आवड पारखायला ते उत्तम.

पैसे डॉलरमध्ये भरावे लागतात. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार सहसा बंद ठेवलेला असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू करावा. दरमहा आपोआप होणारी वसुली परदेशी दुकानांच्या बाबतीत अनेकदा अडकते, म्हणून वर्षाची वर्गणी एकरकमी भरणे सोयीचे. ईपब किंडलवर नेण्यासाठी ‘सेंड टू किंडल’ ही सोय वापरता येते. ती २०२२ पासून ईपब स्वीकारते. विक्रेता अंक थेट किंडलच्या ईमेलवर पाठवणार असेल तर त्याचा पत्ता आपल्या खात्यातील मान्य यादीत आधी टाकावा लागतो, नाहीतर अंक पोहोचत नाही. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर फाइल केबलने सरळ टाकता येते.

मराठी विज्ञानकथेच्या बाबतीत मात्र निराशा होते. किंडलवर देवनागरी मजकूर व्यवस्थित दिसतो, तरी दिवाळी अंकांची डिजिटल आवृत्ती म्हणून हाती येते ती बहुधा छापील पानांची पीडीएफ. दोन रकान्यांचे मोठे पान सहा इंचांच्या पडद्यावर आले की अक्षरे वाचण्याजोगी राहत नाहीत, आणि मोठी केली तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. प्रकाशकांनी पीडीएफबरोबर ईपबही द्यावी, निदान विज्ञानकथांच्या विशेषांकांपुरती तरी. तोपर्यंत हे अंक मोठ्या टॅबलेटवर वाचलेले बरे.