मुंग्या आल्या म्हणजे औषध लागू पडलं असं नाही

सांधेदुखीवरची म्हणून दिलेली पूड घेतल्यावर ओठ बधिर होऊ लागतात, जिभेला मुंग्या येतात आणि विकणारा म्हणतो, "बघा, लागू पडतंय!" मुळात हे त्या पुडीतल्या वचनाग नावाच्या विषारी मुळाच्या बाधेचं पहिलं लक्षण आहे. विषारी वनौषधींच्या धंद्यात भेसळ असते, खोटी नावंही असतात. पण गिऱ्हाइकाच्या जिवावर बेततं ते या एका डावामुळे: विषाचं लक्षण गुणाची खूण म्हणून गळी उतरवायचं. माणूस थांबण्याऐवजी दुसरी मात्रा घेतो.

वचनाग औषधात वापरतात, हे खरंच आहे. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव अशा आयुर्वेदिक रसकल्पांत तो असतो, पण शोधन केलेला, म्हणजे विषाचा जोर उतरवलेला, आणि मिलिग्रॅमांत मोजलेला. शोधनाची एक रीत अशी: मुळाचे हरभऱ्याएवढे तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात भिजवायचे, गोमूत्र रोज बदलायचं, मग साल काढून वाळवायचे. दुसऱ्या रीतीत तुकड्यांची पुरचुंडी गाईच्या दुधात अधांतरी टांगून एक प्रहर, म्हणजे तीन तास, उकळतात आणि ते दूध टाकून देतात. उकळताना ॲकोनिटिन या वचनागातल्या मुख्य विषाचं विघटन होऊन आधी बेन्झॉइलॲकोनिन आणि पुढे ॲकोनिन बनतं, आणि विषाचा जोर शेकडो पटींनी उतरतो.

फसवणारा नेमका हाच खटाटोप वाचवतो. तुकडे मोठे ठेवले की गाभा कच्चाच राहतो. आच लवकर बंद केली की काम अर्धवट. नुसतं भिजवून काळं केलेलं मूळसुद्धा 'शोधित' म्हणून खपतं, कारण काळा रंग पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. रंगावरून, वासावरून शोधन ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं. आणि चाखून बघण्याचं धाडस तर मुळीच करू नये. शुद्ध ॲकोनिटिन 2 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं तरी प्राणघातक ठरू शकतं. अशा वेळी 'अर्धा चमचा दोन वेळा' हे सांगणंच धोक्याचं आहे. विषारी द्रव्याचं माप चमच्याने सांगणाऱ्याला त्या द्रव्याची जाण नाही, किंवा तुमची फिकीर नाही. दारूत मुरवलेला वचनाग चोळण्यासाठी म्हणून मिळतो, तोही वाईट. दारू मुळातलं विषारी द्रव्य (अल्कलॉइड) चांगलं ओढून घेते, पण उकळण्याने होणारं विघटन तिथे होत नाही. कुणी तो चुकून प्यायला, किंवा खरचटलेल्या कातडीवर चोळला, की झालं.

हीच चाल लठ्ठपणाच्या औषधात आणखी बेमालूम चालते. अमेरिकेत तेहोकोते नावाच्या झाडाचं मूळ म्हणून ऑनलाइन विकली जाणारी 10 उत्पादनं तपासली गेली. 2023 साली निष्कर्ष आला की त्यांतली 9 प्रत्यक्षात पिवळी कण्हेर होती. आपल्याकडे कुंपणाला लावतात ती बिट्टीच. तिच्यातली हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं उलट्या-जुलाब करवतात, नाडी मंदावतात, रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. वजन उतरतं ते पाणी गेल्यामुळे, आणि विकणारा म्हणतो, "शरीर साफ होतंय." बेल्जियममध्ये 1990च्या दशकात वजन उतरवण्याच्या उपचारात स्टेफानिया या चिनी वनौषधीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया (आपल्या सापसंदाच्या कुळातली) गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली, आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तिथे ताबडतोब उलटीसुद्धा नव्हती, म्हणून कुणाला संशय आला नाही.

बिब्ब्याचं तेल लागून फोड उठले की "आतलं विष बाहेर पडतंय" असं सांगतात. ती कातडीची भाजणूक आणि ॲलर्जी असते. शोधन करताना बिब्बे विटेच्या चुऱ्यात घासतात ते तेल शोषलं जावं म्हणूनच, आणि ते करूनही काहींना बिब्बा मुळीच सोसत नाही. कळलावीच्या कंदाचं वेगळं आहे. त्यातलं कोल्चिसिन काही तास, कधी कधी दिवसभरही, गप्प राहतं. मग उलट्या-जुलाब, आणि पुढे अनेक अवयव निकामी. तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो.

विकत घेताना पुडीपेक्षा छापील वेष्टन बघा. त्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची नावं हवीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या ई(1) यादीत वचनाग, कुचला, धोतरा, गुंज, बिब्बा, कण्हेर, कळलावी ही द्रव्यं आहेत. ती पोटात घ्यायच्या औषधात असतील तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. सूचना नसेल तर एक तर द्रव्य लपवलंय, नाहीतर नियम पाळलेला नाही. मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात 1954च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मना आहे. ती दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

कुणी असं काही घेतलंच आणि ओठ बधिर झाले, नाडी अनियमित लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर मुद्दाम उलटी करवू नका. कुचल्याच्या विषबाधेत झटके येतात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. दूध-तुपाच्या उताऱ्यात वेळ दवडू नका. 108ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. वचनागावर उतारा नाही. हृदयाचे ठोके सांभाळणं हाच उपचार. बिट्टीच्या विषबाधेत मात्र डिगॉक्सिन या तशाच जातीच्या हृदयाच्या औषधाविरुद्धची प्रतिद्रव्यं उपयोगी पडतात, म्हणून नेमकं काय पोटात गेलं हे डॉक्टरांना कळणं महत्त्वाचं. उरलेली पूड, मूळ, बाटली, लेबल, विकणाऱ्याने पाठवलेले मेसेज असं सगळं सोबत न्या, आणि किती वाजता किती घेतलं ते कागदावर लिहून द्या. "साधं आयुर्वेदिक काहीतरी होतं" एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांना हातात काहीच मिळत नाही.