आठ महिने डीआरव्ही८८२५: चिप वाचते, पाटी वाया जाते

लाकडी पाट्यांवर अक्षरं कोरायचं छोटं यंत्र मी घरीच जुळवलंय. तीन अक्ष, तिन्हींवर डीआरव्ही८८२५चे ड्रायव्हर बोर्ड; ही चिप ठरावीक टप्प्यांनी (स्टेपने) फिरणारी मोटर चालवते. आठ महिन्यांत एकही चिप जळली नाही, आणि त्यात माझं काही कर्तृत्व नाही. करंट जास्त ठेवला होता, पंख्यात भुसा अडकला होता, तरी चिपने स्वतःला वाचवलं. माझी तक्रार आहे ती वाचल्यानंतरच्या तिच्या वागण्याबद्दल.

पहिले दोन महिने एकच त्रास. अर्धी पाटी नीट, मग पुढची अक्षरं चार-पाच मिलिमीटर बाजूला, पण तीही अगदी सुबक. पट्टा ताणला, पुलीचे स्क्रू आवळले, एक कपलर उगाच बदलला. शेवटी एकदा काम चालू असताना शेजारीच बसून राहिलो. एक्स अक्षाची गुणगुण अचानक बंद झाली, मोटर ढिली पडली. दोनेक सेकंदांत ती पुन्हा घट्ट झाली आणि कोरीवकाम पुढे चालू.

म्हणजे चिप तापून बंद पडत होती. डाय, म्हणजे आतला सिलिकॉनचा तुकडा, १५० अंशांच्या वर गेला की ती मोटरला वीज देणारे दोन्ही एच-ब्रिज बंद करते. निवली की कुणालाही न विचारता परत सुरू. कंट्रोलर तेवढ्या वेळात स्टेप पाठवतच असतो. मोटर खरंच किती फिरली ते मोजणारा एन्कोडर नाही, त्यामुळे हुकलेल्या स्टेपचा हिशोब कुणाकडेच नसतो.

ओव्हरकरंटला, म्हणजे मर्यादेबाहेर करंट वाहिला की, मात्र ती उलट वागते, आणि मला तेच पटलं. मोटरच्या कनेक्टरमधली एक तार सुटून शेजारच्या पिनला टेकली, तेव्हा चिप बंद झाली ती बंदच राहिली. रीसेट द्या किंवा मोटरचा पुरवठा काढून परत लावा, तोवर हलत नाही. वैताग येतो खरा, पण निदान खोटं काम पुढे सरकत नाही.

दोन्ही वेळा चिप बिघाड कळवणारी फॉल्ट पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढते. मग मला पत्ता का लागला नाही? माझा कंट्रोलर बोर्ड मुळात ए४९८८ या दुसऱ्या ड्रायव्हरसाठीचा. त्या ड्रायव्हरला फॉल्ट पिनच नाही, त्या जागी लॉजिकचा ५ व्होल्टचा पुरवठा येतो. माझ्या डीआरव्ही८८२५ बोर्डांवर नेमका तिथेच फॉल्ट, मध्ये १.५ किलोओहमचा रेझिस्टर आहे म्हणून काही जळत नाही, एवढंच. चिप ओरडत होती आणि मी तिचं तोंड ५ व्होल्टला बांधून ठेवलं होतं.

ती पिन वाकवून सॉकेटबाहेर काढली, वायर सोल्डर केली. आउटपुट ओपन-ड्रेन, म्हणजे लाइन फक्त खाली ओढणारं, असल्याने तिन्ही वायरी एकत्र करून एकाच इनपुटवर आणता आल्या. सुरुवातीला त्यावर नुसता पॉज लावला, ती चूकच. पॉज उठवला की यंत्र सरकलेल्या जागेवरूनच पुढे जाणार! आता काम रद्द होतं आणि होमिंगशिवाय, म्हणजे यंत्राने शून्याची जागा पुन्हा शोधल्याशिवाय, काही हलत नाही.

दुसऱ्या यंत्रावर टीएमसी२२०९ ही ड्रायव्हर चिप आहे. ती मूळ सेटिंगमध्ये १२० अंशांना आधी इशारा देते, १४३ला बंद होते, आणि यूएआरटी या सिरियल जोडणीवरून कारणही सांगते. मार्लिन या फर्मवेअरमध्ये एम१२२ ही आज्ञा टाकली की सगळं समोर. यूएआरटी जोडलीच नसेल तर या शहाणपणाचा बराचसा भाग वाया.

डीआरव्हीचा व्हीरेफ, म्हणजे करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज, ०.९ वरून ०.७ व्होल्टवर आणला, म्हणजे १.८ ऐवजी १.४ अँपियर. त्यानंतर तीन महिन्यांत फॉल्टची लाइन एकदाच खाली गेली, पंख्याची वायर निघाली होती तेव्हा. पाटी टाकावीच लागली, पण तोवर त्यावर दीडच अक्षर कोरून झालं होतं.