काजूच्या हंगामातले गोळे: शहाळं, ओआरएस की आगळ?

मार्च ते मे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतीत दिवसभर चढउतार करणाऱ्याला तळव्यातला गोळा वेगळा समजावून सांगायला नको. रात्री पाठ टेकली की बोटं वाकडी होतात आणि पंजा आपल्याकडे ओढून धरल्याशिवाय सुटत नाहीत. तो येऊच नये म्हणून काय प्यायचं, यावर आमच्याकडे तीन पक्ष आहेत. (हुर्राकवाल्यांचा चौथाही आहे, पण दारूने लघवीच वाढते, तेव्हा त्यांना बाजूला ठेवू.)

सगळ्यात मोठा पक्ष शहाळ्याचा. पोटॅशियम त्यात भरपूर, आणि उन्हातून आल्यावर त्यासारखं गोड काही लागत नाही. पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. शर्ट वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे उठतात ते मिठाचेच. तिथे शहाळं जरा कमी पडतं. शिवाय घरचे माड असले तरी नारळ काढणारा पाडेली हवा त्या दिवशी कुठे मिळतो!

कागदावर ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते मीठ-ग्लुकोजचं पाणी, सरळ पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोज चवीसाठी नाही, त्याच्या जोडीने आतड्यातून सोडियम आत जातं. साखरपाण्याच्या डब्यांवर ‘ओआरएस’ लिहायची मुभा एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर 2025 मध्ये काढून घेतली, तरी घेताना सूत्र वाचलेलं बरं.

माझं घोडं अडलं ते पाकिटापाशी. मला मिळतं ते लिटरचं. जुलाबाच्या माणसाला लिटर लागतोच, मला संध्याकाळी हवेत दोन पेले. अर्धी पूड घालावी तर तिच्यात मीठ किती आणि ग्लुकोज किती आलं, देव जाणे. उरलेलं पाकीट घडी घालून, रबर लावून डब्यात ठेवा, मेच्या दमट हवेत आत दगड तयार. सगळं कालवलं तर चोवीस तासांत संपवायचं, म्हणजे रोज सकाळी तांब्याभर औषध माडाच्या बुंध्याशी. माडाला मीठ चालतं म्हणून ठीक, पण त्याच्या पायात कधी गोळे आले नव्हते.

म्हणून मी आगळावर आलो. मीठ घालून ठेवलेला कोकमाचा रस, सोलकढीला लागतो तोच. बाटली फळीवर कायम असते, हवं तेवढंच घेता येतं: माठातल्या पाण्याच्या पेल्यात दोन चमचे आणि थोडा गूळ. ओआरएससारखं मापात नसतं हे कबूल. मीठ प्रत्येक घरचं निराळं. त्याच्या जोडीला दहा वाजताची पेज आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कोवळी कैरी. तांदळाचं ओआरएसही असतंच, पेज त्याच्याच गोत्रातली म्हणायला हरकत नाही.

तोराच्या खाराचा आणखी एक उपयोग असावा. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने गोळा आणून काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं होतं. साध्या पाण्यापेक्षा त्याने गोळा लवकर, साधारण दीड मिनिटात सुटला. इतक्यात मीठ रक्तात पोचत नाही, तेव्हा आंबट-खारट चवीने घशातूनच मज्जातंतूंना काही इशारा जात असावा, असा संशोधकांचा अंदाज. आमचा खारही तसाच वागतो का हे कुणी मोजलेलं नाही, पण मी उशाशी वाटी ठेवतो.

गोळा काही एकट्या मिठाने येत नाही, थकलेला स्नायूही तो आणतो. त्यामुळे माझ्या पायाला मानवलं ते तुमच्या पायाला मानवेलच असं नाही. रक्तदाब असेल तर आगळ, तोर आणि ओआरएस तिन्ही डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी शहाळ्याचंही विचारावं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर यातलं काहीही न पिता दवाखाना गाठा.

आगळ घेताना कोकम सरबताची बाटली उचलू नका, ती साखरेची असते. शक्यतो घरगुती बघा आणि आधी थेंबभर चाखा: जीभ आकसली पाहिजे. नुसतंच आंबट लागलं तर पेल्यात चिमूटभर मीठ टाका.