मातीचं ताजीन: चण्याच्या रश्श्यासाठी घ्यावं का?

ताजीन घेणारे भुलतात ते उंच, निमुळत्या झाकणाला. मोरोक्कोच्या या भांड्याचं खरं काम मात्र त्याचा जाड, पसरट, उथळ तळ करतो. आच सावकाश चढते, भाज्या एकमेकींवर न चेंगरता बसतात आणि न ढवळता शिजतात. लाल भोपळ्याची फोड अखंड राहते ती यामुळेच. झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन खाली उतरते हे खरं, पण तेवढं तर खोलगट परळ झाकलेली आपली हंडीही करते.

घ्यायचंच तर बिनचकाकीचं, २६ सेंटीमीटरचं घ्यावं; तिघांना पुरतं. रंगीत नक्षीचं चकचकीत ताजीन बहुतेकदा वाढण्यासाठी असतं. त्याच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि टोमॅटो-लिंबाच्या आंबटपणाने ते अन्नात उतरतं, म्हणून त्यात शिजवू नये. नवं भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावं, सुकवून आतून तेल चोळावं, थंड ओव्हनमध्ये ठेवून मग १५० अंशांवर दोन तास तापवावं आणि आतच गार होऊ द्यावं. गॅसवर थेट कधीच नाही; खाली जाड लोखंडी तवा हवाच. इंडक्शनवर हे चालत नाही. तडे जातात ते बहुधा तापल्या भांड्यात गार पाणी ओतल्यामुळे, किंवा गरम भांडं ओल्या ओट्यावर टेकवल्यामुळे.

आता रस्सा. १५० ग्रॅम काबुली चणे दहा तास भिजवून कुकरमध्ये वेगळे शिजवावेत: एक शिट्टी, मग मंद आचेवर १५ मिनिटं. ही पायरी टाळून चणे थेट ताजीनमध्ये घातले तर पंचाईत होते. आमचं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात टोमॅटो पडला की आंबटपणाने चण्याचं साल मऊ होत नाही. बोअरचं जड पाणीही तोच त्रास देतं, तेव्हा भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा.

ताजीनमध्ये तीन मोठे चमचे तेल, दोन उभे चिरलेले कांदे, मंद आचेवर १२ मिनिटं. मग चार लसूण पाकळ्या, दीड चहाचा चमचा जिरेपूड, एक धणेपूड, अर्धा-अर्धा सुंठ, हळद, तिखट आणि पाव चमचा दालचिनीपूड. मसाला मिनिटभरच परतावा. माती उष्णता धरून ठेवते, गॅस बंद केला तरी जळतो. त्यावर दोन गाजरांचे जाड तुकडे, मग चणे, सर्वात वर २०० ग्रॅम लाल भोपळा आणि दोन टोमॅटो. भोपळा तळाशी गेला तर त्याचं पिठलं होतं. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात या भाज्या मिळतात. भोपळा घट्ट गराचा बघून घ्यावा. मीठ, चण्याचं अर्धी वाटी गरम पाणी, आणि झाकण. एवढंच पाणी पुरे, भाज्या स्वतःचं सोडतात. ४० मिनिटं उघडू नये. उतू जाऊ लागलं तर झाकणाच्या काठाखाली लाकडी चमचा अडकवावा.

शेवटी मूठभर बेदाणे आणि कोथिंबीर. मोरोक्कोत मिठात मुरवलेलं लिंबू घालतात; त्याजागी आपलं उपासाचं, बिनमसाल्याचं, खारं लिंबाचं लोणचं उत्तम बसतं. लोणच्यात साखर नसावी. फोड धुऊन फक्त साल बारीक चिरावी, गर टाकावा, आणि तेवढं मीठ आधीच कमी घालावं. सोबत कुसकुस (गव्हाच्या रव्याच्या वाफवलेल्या कण्या) नसेल तर गव्हाचा बारीक दलिया मोकळा शिजवावा. चव जवळपास जाते, पोत थोडा जड राहतो.

हंडी घरात असेल तर या एका रश्श्यासाठी ताजीनचा खर्च करू नये. भाज्या थोड्या जास्त मोडतील, चवीत फारसं उणं येणार नाही. मातीचं भांडं नसेल, आणि रस्सा शिजलेल्या भांड्यातच पानावर आणायचा असेल, तर ताजीन जरूर घ्यावं. धुताना साबण लावू नये, माती तो शोषते. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावून ठेवलं तर आत बुरशी धरते.