बंबलबीचं मिलन: आधी उजेड बघायचा की वय?

बंबलबी म्हणजे मधमाशीच्या नात्यातली जाड, केसाळ माशी. ती पाळताना मिलनासाठी पिंजऱ्यात राण्या आणि नर एकत्र सोडले आणि काहीच घडलं नाही, की आपला हात पहिल्यांदा दिव्याकडे जातो. माझ्या मते आधी वय तपासावं. खाली लिहिलंय ते पाळण्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बॉम्बस टेरेस्ट्रिस या जातीबद्दल.

कोषातून नुकती निघालेली राणी राखाडी, ओलसर दिसते. पिवळे पट्टे नीट उठायला दिवसभर तरी जातो. अशी कोवळी राणी नराला झटकून टाकते. पाच-सहा दिवसांची झाली की जोड लागण्याची शक्यता बरीच वाढते. नराला अजून थोडा वेळ हवा, कारण शुक्राणू वृषणातून साठवणीच्या नळ्यांमध्ये उतरायला काही दिवस लागतात. आठवडा ओलांडलेला नर घ्यावा. म्हातारा नर जोड लावतो खरा, पण त्याच्याकडचा साठा घटलेला असतो. म्हणून वसाहतीतून रोज नवे नर, नव्या राण्या वेगळ्या काढून डब्यावर तारीख टाकलेली बरी. रंगावरून वयाचा अंदाज एक-दोन दिवसांपुरताच चालतो.

आता उजेड. खिडकीचा की दिव्याचा? सोय असेल तर खिडकीचाच, आणि शक्यतो सकाळी. मात्र पिंजऱ्यावर थेट ऊन पडू देऊ नये, आतली हवा चटकन तापते. दिव्याचा फायदा एवढाच की ढगाळ दिवसांत काम अडत नाही. तो प्रखर हवा आणि लुकलुकणारा नको. आपल्याला स्थिर वाटणाऱ्या ट्यूबची लुकलुक माश्यांना जाणवू शकते. लाल दिवा इथे कुचकामी, कारण लाल रंग त्यांना जवळपास दिसतच नाही. तो राण्या हाताळायला ठेवा.

जोड लागली की नर मागे लोंबकळतो आणि राणी त्याला ओढत फिरते. शुक्राणू पहिल्या काही मिनिटांतच जातात, पण पुढे अर्धा तास किंवा जास्तही जोडी सुटत नाही. त्या वेळात नर राणीच्या जननमार्गात चिकट बूच बसवत असतो, तेव्हा ओढून वेगळं करू नये. जोडी अलगद छोट्या डबीत घ्यावी. राणी सहसा एकदाच जोड लावते.

वय, उजेड दोन्ही जमले तरी नर दुसऱ्या वसाहतीचाच हवा. भावंडांची जोड लागली तर अनेकदा राणीच्या फलित अंड्यांतली निम्मी कामकरी न होता नर होतात, आणि वसाहत सुरुवातीलाच लंगडी पडते.