सिस्टमडी: सर्व्हिस थांबवण्यापुरता अभिप्राय

मशीन बंद करताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' (काहीतरी थांबवायचं काम चालू आहे) ही ओळ आणि शेजारी इकडून तिकडे पळणारे लाल तारे लिनक्सवाल्यांपैकी कुणी पाहिले नसतील असं वाटत नाही. दीड मिनिट ताटकळायचं आणि शिव्या सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेला, घालायच्या, हा शिरस्ताच आहे. मी साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. माझ्या मते या शिव्या बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातात.

हेच काम आधी करणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्ट आठवा. पीआयडी फाइल (प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा नंबर असलेली) वाचायची, त्या नंबरला सिग्नल मारायचा, हिरवं 'ओके' छापायचं. आणि त्या प्रोसेसने काढलेली, आता पोरकी झालेली चाइल्ड प्रोसेस पोर्ट अडवून तशीच बसलेली. सिस्टमडी सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस एका सीग्रुपमध्ये (कर्नल सांभाळतो त्या गटात) ठेवतो. स्टॉप दिलं की सगळ्यांना सिगटर्म ('थांब' अशी विनंती), मग डीफॉल्ट 90 सेकंद वाट, तरी कुणी उरलंच तर सिगकिल (सरळ मारणारा सिग्नल). फोर्क करून (नवी प्रोसेस काढून) सटकायची सोय नाही. याच एका गुणासाठी मी याला पाचपैकी चार देतो.

आमच्या वजनकाट्याची सर्व्हिस बाहेरच्या माणसाने पायथॉनमध्ये लिहून दिलेली. गाळप जोरात असताना ती चटकन थांबायची, हंगाम संपला की मात्र हटकून लटकायची. सगळे म्हणत, सिस्टमडीच बिघडलाय. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत, स्वच्छ लिहिलेलं: 'स्टॉप-सिगटर्म' अवस्थेची मुदत संपली, म्हणून अमुक नंबरची पायथॉन प्रोसेस मारली. म्हणजे सिग्नल गेला होता, ऐकणारा ऐकत नव्हता.

त्या प्रोसेसला एसट्रेस (प्रोसेस कर्नलला कोणते कॉल करते ते दाखवणारं साधन) लावून दुसऱ्या टर्मिनलवरून स्टॉप दिलं. सिगटर्म आलेला दिसला आणि लगेच पुन्हा सिलेक्ट कॉल (डेटा येईपर्यंत थांबणारा), काटा जोडलेल्या सिरियल पोर्टकडे डोळे लावून. प्रोग्रॅमचा सिग्नल हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) फक्त 'आता थांब' असा फ्लॅग, म्हणजे खूण, लावत होता. पायथॉन 3.5 पासून सिग्नलमुळे मोडलेला असा कॉल हँडलर झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि पायसिरियलमध्ये (पायथॉनच्या सिरियल पोर्ट लायब्ररीत) टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, दिला नाही तर रीड (पोर्टवरून वाचणारा कॉल) अनंत काळ बसून राहतं. आमचा काटा ऑपरेटरने प्रिंट दाबल्यावरच वजन पाठवतो. हंगामात ट्रॉल्यांची रांग, त्यामुळे पुढची खेप आली की रीड सुटायचं आणि फ्लॅग तपासला जायचा. रिकाम्या यार्डात कोण प्रिंट दाबणार? रीडला 1 सेकंदाचा टाइमआउट दिला, रोग गेला.

तक्रारी आहेत. बंद होताना दिसणारी ती ओळ सर्व्हिसचं नाव सांगते, पण आतली नेमकी कोणती प्रोसेस अडली ते नाही. त्यासाठी आधीच सिस्टमसीटीएल (सिस्टमडीला हुकूम द्यायची कमांड) स्टेटस मारून सीग्रुपचं झाड बघावं लागतं. शिवाय 90 सेकंद घरच्या लॅपटॉपला फारच; फेडोराने 38 व्या आवृत्तीत ते 45 वर आणले, बरं केलं.

पण 'सिस्टम डॉट कॉन्फमध्ये (सिस्टमडीच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये) सगळ्यांसाठी 5 सेकंद टाका' हा सल्ला डेटाबेसच्या मशीनवर कृपा करून पाळू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजातल्या नमुना युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंग फाइलमध्ये) मुदत अमर्याद ठेवली आहे आणि किलमोड (सिग्नल कुणाकुणाला जायचा ते ठरवणारी सेटिंग) मिक्स्ड आहे, म्हणजे पहिला सिग्नल फक्त मुख्य प्रोसेसला. किलमोड नन तर टाळाच; सर्व्हिस थांबल्यासारखी दिसते, प्रोसेस चालूच राहतात.

एका ठिकाणी मात्र सिस्टमडीही हात टेकतो. पीएसमध्ये (प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) प्रोसेसपुढे 'डी', म्हणजे मध्येच न तोडता येणारी वाट, दिसत असेल, उदाहरणार्थ एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर गायब झाल्यामुळे, तर सिगकिलही तिथे पोचून लागू होईलच असं नाही. शेवटच्या सिगकिलनंतरही प्रोसेस शिल्लक आहेत, अशी नोंद करून तो सर्व्हिस फेल्ड दाखवतो आणि पुढे सरकतो. तिथे युनिट फाइल चाळत बसण्यापेक्षा माउंट बघा.

सध्या काट्याच्या सर्व्हिसला सिस्टमसीटीएल एडिट करून टाइमआउटस्टॉपसेक (थांबायची मुदत, सेकंदांत) 10 दिलाय आणि टाइमआउटस्टॉपफेल्युअरमोड (मुदत संपल्यावर काय करायचं ते) अबॉर्ट. पुन्हा अडकलीच तर मरताना कोअर डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, मागे ठेवेल. तो डंप आणि जर्नलच्या ओळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सरळ पाठवता येतील.