पाहुणा कुत्रा जेवत नाही: वाडग्यात मिसळून द्यावं, की वेळ संपली की उचलावं?

मावसबहिणीचा टिप्या आजवर माझ्याकडे दोनदा राहून गेलाय. पहिल्यांदा बारा दिवस, दुसऱ्यांदा नऊ. चार वर्षांचा, दहा किलोंचा, तब्येतीनं ठणठणीत, आणि खाण्याच्या बाबतीत इतका चोखंदळ की वाढणाऱ्याला रडू यावं. पहिल्या मुक्कामात मी त्याच्या ड्राय फूडमध्ये, म्हणजे पाकिटातल्या तयार कोरड्या दाण्यांमध्ये, चवीचं काहीबाही मिसळून दिलं. दुसऱ्या मुक्कामात मिसळणं बंद केलं. वाडगा ठरल्या वेळी ठेवायचा आणि वीस मिनिटांनी उचलायचा, रिकामा असो की भरलेला. कुत्रा तोच, घर तेच, नखरे तेच. एका कुत्र्यावरून नियम काढू नये हे मलाही कळतं. पण परवा कुणाचा तरी कुत्रा दारात येऊन उभा राहणार आहे आणि तोवर काहीतरी ठरवायचंय, अशा माणसाला कदाचित उपयोग होईल.

आणखी दोन पर्याय लोक सुचवतात, ते आधी बाजूला करतो. वाडगा दिवसभर भरून ठेवणं काही कुत्र्यांना स्वतःच्या घरी चालतं. पाहुण्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र ते दाणे संध्याकाळपर्यंत वास हरवून बसतात आणि तो त्यांच्याकडे फर्निचर असल्यासारखा बघतो. दुसरं म्हणजे हातानं भरवणं. पहिल्या रात्री ते गोड वाटतं. चौथ्या रात्री तुम्ही फरशीवर मांडी घालून एकेक दाणा पुढे करत असता आणि तो प्रत्येक दाण्यावर विचार करत असतो. कुत्रा आजारी असेल तर जरूर करावं, एरवी नको.

मुळात हे सगळे नखरेच असतात असंही नाही. घर नवं, वास नवे, आपला माणूस बॅग घेऊन निघून गेला आणि परत आला नाही. अशा वेळी पहिला एखाद-दुसरा दिवस बरेच कुत्रे कमी खातात किंवा खातच नाहीत. पाणी पीत असेल, फिरायला उत्साहानं येत असेल तर धडधाकट मोठ्या कुत्र्याला एखादं जेवण चुकल्यानं काही होत नाही. दोन्ही पद्धतींत खरा फरक पडतो तो या एक-दोन दिवसांत आपण काय करतो त्यानं.

मिसळून देण्याची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच तगडी आहे. कुत्रा जिभेपेक्षा नाकानं जेवतो. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या पाकिटातल्या खाण्यात सत्तरच्या वर, त्यामुळे ओल्याचा वास लगेच सुटतो. त्यात ते किंचित कोमट केलं की काम झालंच. टिप्यानं पहिल्याच रात्री वाडगा चाटूनपुसून लख्ख केला. बहिणीला फोन केला तेव्हा माझ्या आवाजात जरा फुशारकीच होती.

तिसऱ्या दिवशी दोन चमचे ओलं खाणं पुरेना. मग चार चमचे. मग पाकीट बदलून बघितलं. मग उकडलेल्या कोंबडीचे तुकडे. आठव्या दिवशी मी तेच तुकडे केसासारखे बारीक सोलत उभा होतो, आणि तो दारात बसून आणखी काय येतंय याची वाट बघत होता. मागे वळून पाहिलं तर त्याचा हिशोब अगदी सरळ होता. तोंड फिरवलं की पुढचं खाणं आधीच्यापेक्षा चांगलं येतं. हे त्याला मीच शिकवलं, आणि तेही फार चिकाटीनं.

तरीही, खरं सांगायचं तर मी यावर निभावून नेलं असतं. मला नकोसं झालं ते वेगळ्याच कारणानं.

बहीण रोज रात्री फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘दादा, आज किती खाल्लं त्यानं?’ आणि मला ते सांगताच यायचं नाही. एकदाही नाही. टिप्या मिसळलेल्या वाडग्यात तोंड घालून कोंबडी शोधायचा, ग्रेव्ही चोखायचा आणि दाणे तांदळातले खडे वेचावेत तसे एकेक करून बाहेर टाकायचा. काही वाडग्याभोवती पडायचे, काही तो तोंडात धरून गालिच्यावर नेऊन ठेवायचा, काही सोफ्याखाली जायचे. जे वाडग्यात उरायचे ते ग्रेव्ही पिऊन दुप्पट फुगलेले असायचे. आता यातलं पोटात किती गेलं? मी एकदा सगळं गोळा करून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, तर उरलेलं खाणं वाढलेल्या कोरड्या दाण्यांपेक्षा जास्त भरलं! कागदोपत्री कुत्र्यानं उणे अकरा ग्रॅम खाल्लं होतं.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण पाहुण्या कुत्र्याबाबत ‘किती खाल्लं’ हाच एक आकडा आपल्या हातात असतो. त्याची नेहमीची तऱ्हा आपल्याला ठाऊक नसते. तो आज मलूल आहे की रोजच दुपारी असा पडलेला असतो, हे बहिणीला कळेल, मला नाही. डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर तेही हेच विचारणार: शेवटचं नीट कधी जेवला, किती जेवला? ‘कोंबडी खाल्ली, दाणे माहीत नाहीत’ हे काही उत्तर नव्हे. शिवाय दात दुखणारा कुत्राही कडक दाणे असेच तोंडातून सोडतो. बारा दिवस मी ज्याला नखरा म्हणत होतो ते दुखणं असतं, तर मला ते कळायला मार्गच नव्हता. सुदैवानं तो निव्वळ नखराच होता.

थोडं विषयांतर करतो. मिसळायचंच असेल तर काय मिसळताय ते बघा. आपल्यासाठी केलेला रस्सा किंवा सूपचे तयार क्यूब नकोत. त्यांत कांदा, लसूण आणि मीठ असतं, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) घातलेलं काहीही वर्ज्य. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या अणकुचीदार कपच्या निघतात. तुपातेलाचं लाडानं दिलेलं खाणं काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला इतकं जड जातं की थेट दवाखाना गाठावा लागतो. आणि ओलं मिसळलेलं खाणं उकाड्यात तास-दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये.

आता उचलण्याची पद्धत. दुसऱ्या वेळी टिप्या त्याच्या घरचंच ड्राय फूड, घरचाच वाडगा आणि झोपायचं जुनं फडकं घेऊन आला. फडक्याचा जेवणाशी काय संबंध असं मलाही वाटलं होतं, पण वाडगा त्या फडक्याजवळ ठेवला तेव्हा तो निदान जवळ येऊन हुंगायला लागला. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणायचं, थोडं निवू द्यायचं, मग 80 ग्रॅम दाणे मोजून ठेवायचे आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. डोक्यावर उभं राहून ‘खा ना रे राजा’ करायचं नाही. त्याला खाणं जितकं कठीण जात होतं, तितकंच मला हे कठीण गेलं.

80 का, तर दहा किलोंच्या निवांत बसलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 400 कॅलरी लागतात, हिंडत्या-फिरत्याला सव्वा ते दीडपट किंवा थोडं जास्त. बहुतेक ड्राय फूडमध्ये 100 ग्रॅमला 350 ते 400 कॅलरी असतात. बहीण घरी दिवसाला 160 ग्रॅम देते, हिशोब बसला. तुमच्याकडे येणाऱ्याचं माप त्याच्या माणसालाच विचारा, पाकिटावरचा तक्ता जरा सढळ हाताचा असतो.

पहिली रात्र: शून्य. दुसरी सकाळ: शून्य, वर माझ्याकडे पाठ करून बसला. मी काही पाषाणहृदयी नाही, दोनदा फ्रिज उघडून बंद केला. दुसऱ्या रात्री एक सवलत दिली. दाण्यांवर कोमट पाणी घातलं आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. चव तीच, फक्त वास उठला. 30 ग्रॅमच्या आसपास खाल्लं असावं. तिसऱ्या दिवशी त्याहून बरं, चौथ्या दिवसापासून वाडगा बहुतेक रिकामा. पाण्यामुळे वजनाचा घोळ इथेही होतो, पण पाणी मोजून घातलं की वजाबाकी जमते. दाणे बाहेर टाकायला कारणच नव्हतं, कारण सगळे एकसारखे! आणि फोन आला की मी आकडा सांगायचो. एका रात्री आकडा निम्म्यावर आला, दुसऱ्या दिवशी पातळ शी झाली. बहीण म्हणाली, फिरताना काहीतरी उचललं असेल. असेलही. पण पोट बिघडतंय याची चाहूल मला आदल्या रात्रीच लागली होती, हे मिसळण्याच्या दिवसांत घडलं नसतं.

या पद्धतीचा तोटा लपवण्यात अर्थ नाही. पहिले दोन दिवस आपलीच परीक्षा असते, आणि मर्यादा आधी ठरवलेली नसेल तर हट्ट कुठे संपतो आणि हयगय कुठे सुरू होते ते कळत नाही. माझी मर्यादा अशी होती: पूर्ण 24 तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन, आणि 48 तासांपर्यंत ताणायचंच नाही. सोबत उलटी, जुलाब, सुस्ती असेल किंवा पाणीही सोडलं असेल तर घड्याळ बघत बसायचं नाही, लगेच न्यायचं. पिल्लं आणि अगदी छोट्या चणीचे कुत्रे यांना हा खेळ लावूच नये, उपाशी राहिले तर त्यांची साखर झपाट्यानं उतरते. मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकणं हा डॉक्टरांचाच विषय आहे.

म्हणजे मिसळणं वाईट का? तसं म्हणवत नाही. कुत्रा एक-दोन रात्रींपुरताच येणार असेल, म्हातारा असेल, दुखण्यातून उठलेला असेल किंवा त्याचा माणूस घरीही मिसळूनच देत असेल, तर बिनधास्त मिसळा. चार दिवसांसाठी सवय मोडायचा अट्टहास कशाला? मात्र घरून आलेलं खाणं संपलं म्हणून वेगळं आणायची वेळ आली, तर एकदम बदलू नका. आठवडाभरात थोडं थोडं वाढवत न्यायचं असतं, आणि पाहुण्या कुत्र्याकडे तेवढे दिवस अनेकदा नसतात. त्यापेक्षा येतानाच दोन दिवसांचं जास्त मागून घ्या.

आठवडाभराच्या मुक्कामाला, धडधाकट मोठ्या कुत्र्यासाठी मी आता उचलण्याच्याच बाजूला झुकतो. पहिल्या मुक्कामानंतर टिप्या घरी गेला तेव्हा त्यानं तिथलाही वाडगा तीन दिवस नाकारला होता. बहीण काही बोलली नाही. फक्त ‘दादा, तू त्याला काय घालत होतास रे?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या वेळी तो प्रश्न आला नाही.

कोंबडी मी अजूनही उकडतो, नाही असं नाही. वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत ठेवायचं म्हणतात, म्हणजे टिप्यापुरती साधारण 40 ग्रॅम बिनकातडीची कोंबडी. ती फिरून आल्यावर दारातच देतो, पट्टा काढताना, हातावरून. वाडग्याच्या आसपाससुद्धा फिरकू देत नाही.